शिवणकामासाठी छोटी इस्त्री कशी निवडायची: दुकानात जायच्या आधीपासून पहिली टीप बसवेपर्यंत

छोटी इस्त्री घ्यायची ठरली की बरेच जण सरळ ऑनलाइन 'मिनी आयर्न' टाकतात, जी गोंडस दिसेल, गुलाबी नाहीतर मिंट कलरची, ती मागवतात, दोन दिवस कौतुक होतं आणि मग लक्षात येतं की कॉटनच्या चार पदरांवर ती नुसतीच कोमट फिरतेय, घडी काही बसत नाही. शिवणकामाची इस्त्री टोकाला बारीक हवी आणि तापायला दमदार हवी, आणि नेमक्या या दोन गोष्टी बऱ्याच मिनी इस्त्र्यांमध्ये एकत्र सापडत नाहीत. म्हणून आकार, रंग, ऑफर हे सगळं जरा बाजूला ठेवून पुढे सांगते त्या क्रमाने बघा.

पायरी १: तुमचं काम नक्की कुठलं

एक कागद घ्या आणि गेल्या काही महिन्यांत काय काय शिवलं ते लिहून काढा. कुंची, टोपडं, झबलं, खणाचा बटवा, तोरण, ब्लाऊजची पायपिंग, पॅचवर्कची गोधडी, टीशर्टवर नाव चिकटवणं, फेल्टची फुलं, जे असेल ते. आता प्रत्येकासमोर एवढंच लिहा की इस्त्रीचा कुठला भाग लागला, टोक की पूर्ण तळ.

कुर्ते, ब्लाऊज, परकर, उशांचे अभ्रे असलंच जास्त असेल तर स्पष्ट सांगते, छोटी इस्त्री घेऊच नका. ७५० किंवा १००० वॅटची साधी ड्राय इस्त्री, हलक्या वजनाची, बजाज, उषा, फिलिप्स, हॅवेल्स कुणाचीही, ती या कामाला मिनीपेक्षा कितीतरी बरी. बाहीचा घेर, मुंढा, कॉलरचं टोक हे सगळं तिच्या टोकाने व्यवस्थित होतं, फक्त टोक गोलाकार नाही ना ते बघून घ्यायची.

पॅचवर्क, क्विल्टिंग (गोधडीसारखे पदर जोडून शिवणं), उरेब (म्हणजे तिरक्या कापलेल्या) पट्ट्या, बाहुलीचे कपडे, लहान मुलांच्या टोपीच्या कळ्या असं दोन-तीन इंचाच्या तुकड्यांचं काम रोजचं असेल तर छोटी इस्त्री खरंच उपयोगी पडते, कारण मशीनच्या बाजूलाच ठेवता येते, एक टीप मारली की बसल्या जागी दाबून पुढची टीप, दर वेळी उठून इस्त्रीच्या टेबलापाशी जायला नको. पण ही घरातली दुसरी इस्त्री असते. एकच घ्यायची असेल तर मोठीच घ्या.

आणि तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ क्राफ्ट, विनाइल (उष्णतेने कापडावर चिकटणारी प्लॅस्टिकची पातळ शीट), हॉटफिक्स खडे (मागे गोंद असलेले), फ्यूज बीड्स (उष्णतेने एकमेकांना चिकटणारे प्लॅस्टिकचे मणी), फेल्ट. इथे टोकापेक्षा तळ सपाट असणं आणि टेंपरेचर कंट्रोल महत्त्वाचा.

पायरी २: बाजारात मिळतं काय काय

ट्रॅव्हल इस्त्री सगळ्यात कॉमन, हँडल घडी होतं, बॅगेत मावते. प्रवासात शर्टाची कॉलर सरळ करायला ठीक आहे, पण घडीच्या हँडलला खेळ असतो, जोर लावून दाबायला गेलं की ते हलतं, आणि शिवणकामात तर दाबायचंच असतं. घ्यायचीच असेल तर हँडल उघडून, तळ टेबलावर टेकवून वरून जोर देऊन बघा, कुरकुरलं तर राहू द्या.

प्रोजेक्ट इस्त्री म्हणजे मोठ्या इस्त्रीचंच छोटं पिल्लू, फिक्स हँडल, टोकदार तळ, बऱ्याचदा वाफ पण. ऑलिसो कंपनीची मिनी क्विल्टिंगवाल्यांमध्ये यासाठीच प्रसिद्ध आहे. इथे मिळाली तर इंपोर्टेड भावात मिळते, त्यामुळे काम तेवढं असेल तरच.

मग दांडीवाली. लांब हँडल आणि पुढे बोटभर त्रिकोणी टोक, जपानच्या क्लोव्हर कंपनीची यात जुनी आणि नावाजलेली. ॲप्लिकची (कापडावर लावायच्या नक्षीच्या तुकड्याची) कड आत दुमडणं, बाहुलीच्या बाहीत शिरणं, अरुंद उरेब पट्टी यासाठी हिच्यासारखं काही नाही. पण वॅट खूप कमी, काही तर शंभरच्याही खाली, त्यामुळे जाड कापडावर टेकवली की टोकाची उष्णता कापड पिऊन टाकतं आणि परत तापेपर्यंत थांबावं लागतं. अस्तर लावलेल्या खणावर किंवा डेनिमवर हिच्याकडून अपेक्षाच ठेवू नका.

शेवटचा प्रकार मिनी हीट प्रेस, चपट्या तळाचा, टोक जवळजवळ नाहीच. क्रिकट कंपनीच्या ईझीप्रेस मिनीला तीनच हीट सेटिंग आहेत, मधलं काही नाही. टोपी, बूट, छोट्या पिशवीवर विनाइल लावायला उत्तम, शिवण उघडून दाबायला मात्र अवघड.

(काही जणी केस सरळ करायचं स्ट्रेटनर वापरतात, रिबिनीला आणि फ्रिलच्या कडेला ते झकास चालतंही, फक्त केसांचं तेल-सिरम लागलेलं स्ट्रेटनर कापडाला लावू नका, डाग जात नाही.)

पायरी ३: वॅट, व्होल्ट आणि घरातला प्लग

वॅट जास्त म्हणजे इस्त्री जास्त गरम होते असा समज आहे तो अर्धाच खरा. किती गरम व्हायचं ते थर्मोस्टॅट ठरवतो. वॅटमुळे ठरतं की तापायला किती वेळ लागणार आणि ओलसर किंवा जाड कापडाने उष्णता ओढून घेतली की परत किती पटकन भरून निघणार. पॅचवर्कमध्ये एकामागोमाग तीस तुकडे दाबायचे असतात, तिथे कमी वॅटची इस्त्री दहाव्या तुकड्याला दमते. कॉटनचं काम असेल तर छोट्या इस्त्रीतही जेवढे जास्त वॅट मिळतील तेवढे घ्या. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअरच्या आत घेते, म्हणजे साध्या छोट्या प्लगवर चालते, एसीसारखा मोठा प्लग लागत नाही. मात्र त्याच एक्स्टेंशन बोर्डवर शिलाई मशीन, दिवा, मोबाइल आणि इस्त्री असं सगळं लटकवू नका, इस्त्रीला भिंतीतला स्वतंत्र प्लग द्या आणि तिथे अर्थिंग आहे याची खात्री करून घ्या.

व्होल्टचा घोळ जास्त महाग पडतो. अमेरिकेतून कुणी येणार असेल तर इकडून हमखास फर्माईश जाते की तिकडची ती छोटी इस्त्री घेऊन ये. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिकडची फक्त १२० व्होल्टची इस्त्री इथे लावली तर तिच्यातून साडेतीन पटीहूनही जास्त वॅट जायला बघतात आणि कॉइल जळते, हे काही क्षणांतच होऊ शकतं. आणि तो पाच-पन्नास रुपयांचा ट्रॅव्हल ॲडॉप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. म्हणून इस्त्रीच्या अंगावरच्या पट्टीचा फोटो आधी मागवा, त्यावर '१००-२४०' किंवा '१२०/२४०' असं लिहिलेलं असेल तरच आणायला सांगा. '१२०/२४०' वाल्यांना बऱ्याचदा छोटा स्विच असतो, नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा, तो इथे आल्यावर लावायच्या आधी २४० वर करायचा. उलट, इथली इस्त्री न्यू जर्सीला नेऊन लावली तर जळणार नाही पण साधारण पाव शक्तीवर चालेल, १००० वॅटची इस्त्री तिकडे अडीचशेच्या आसपासची होते, म्हणजे तापत बसते नुसती.

इथे घेताना आयएसआय मार्क बघा. इलेक्ट्रिक इस्त्रीला तो भारतात कंपल्सरी आहे, तरी ऑनलाइन बिनानावाच्या मिनी इस्त्र्या मार्काशिवाय सर्रास दिसतात. दोन पिनचा चपटा प्लग, बारीक वायर आणि वर धातूची बॉडी असं कॉम्बिनेशन दिसलं तर स्वस्त आहे म्हणून अजिबात मोहात पडू नका.

पायरी ४: तळ उलटा करून नीट बघा

दुकानात इस्त्री हातात आली की पहिलं काम, उलटी करा. टोक किती अरुंद आहे ते बघा, माझी पद्धत अशी की शिवणीची उघडलेली माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) किती रुंद असते तेवढ्यात टोक सरळ जाईल का याचा अंदाज घ्यायचा. आपण अर्धा इंच माया सोडतो, म्हणजे दोन्हीकडची उघडून एक इंचाची वाट झाली, टोकाचा पुढचा भाग त्याहून रुंद असेल तर ते मायेच्या बाहेर जाऊन सुलट बाजूला कडेचा वळ उठवतं, रेशमी आणि गडद कापडावर तर लगेच दिसतो.

मग तळाची कड. पातळ कड बटणाच्या खाली, चुण्यांच्या आत शिरते, जाड गुबगुबीत कड तिथपर्यंत पोचतच नाही.

भोकं. वाफेची इस्त्री असेल तर तळाला भोकं असणारच, पण छोट्या तळाला मोठी भोकं म्हणजे तेवढ्या जागेत उष्णताच नाही. चिकट बकरम किंवा पेस्टिंग (कॉलर वगैरे कडक करायला आतून चिकटवायचं कापड) लावताना भोकांच्या जागी ते नीट चिकटत नाही, धुतल्यावर तिथे फुगे येतात, शिवाय गोंद भोकात जाऊन बसतो. बकरम, विनाइल, ॲप्लिकची चिकट जाळी असं चिकटवायचं काम जास्त असेल तर बिनभोकाची ड्राय इस्त्रीच घ्या आणि वाफेसाठी शेजारी पाण्याची फवारणी बाटली ठेवा, स्वस्तात काम होतं. छोट्या स्टीम इस्त्रीची टाकी तशीही अगदी लहान असते, सारखी भरत बसावी लागते, आणि बोअरचं जड पाणी घातलं तर क्षार साचून पांढरे कण नेमके काळ्या कापडावर पडतात.

नॉनस्टिक तळ सरकायला छान आणि गोंद पुसायला सोपा, पण टाचणीवरून गेला की ओरखडा आणि मग त्या ओरखड्यात धागे अडकतात. शिवणाऱ्या बाईच्या टेबलावर टाचण्या नाहीत असं होतच नाही, त्यामुळे काचेच्या डोक्याच्या टाचण्या वापरा (प्लॅस्टिकच्या मण्यांच्या वितळतात) आणि दाबायच्या आधी काढायची सवय लावा. सिरॅमिक तळ उष्णता सारखी पसरवतो पण आपटला तर टवका उडतो. स्टीलचा सगळ्यात दणकट. मी स्वतः क्राफ्टला नॉनस्टिक आणि कॉटनच्या कामाला स्टील म्हणेन.

पायरी ५: डायल, वायर, बूड

डायल शून्यापासून हळूहळू फिरवा, एका जागी 'टक' असा बारीक आवाज यायला हवा, तो आतल्या थर्मोस्टॅटचा. ज्या मिनी इस्त्रीला डायलच नाही, नुसतं चालू-बंद, ती सिंथेटिक कापडाला वापरणं म्हणजे जुगार. कपड्यांच्या लेबलवर जे टिंब असतात त्यांचा अर्थ साधारण एक टिंब ११० डिग्री, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० पर्यंत, आणि डायलवर बहुतेक तेच टिंब छापलेले असतात. नायलॉन, नेट, ॲक्रिलिक फेल्ट एका टिंबावर, रेशीम, लोकर आणि पॉलिस्टर साधारण दोनपर्यंत, सुती-लिनन तीनवर.

वायर कापडी वेष्टनाची असेल तर उत्तम, प्लॅस्टिकच्या वायरला गरम तळ टेकला की ती वितळते आणि छोट्या इस्त्रीत हात आणि वायर इतके जवळ असतात की हे कधी ना कधी होतंच. वायर जिथून निघते तो सांधा सगळ्या बाजूंना फिरतो का बघा. डावखुऱ्यांनी तर नक्की बघा, काही इस्त्र्यांची वायर एका बाजूला असते ती डाव्या हाताने काम करताना सतत कापडावर लोळते.

आणि बूड. छोटी इस्त्री उभी ठेवली की वायरच्या ओढीने कलंडते, हा तिचा सगळ्यात मोठा दोष, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जास्तच. दुकानात उभी करून वायर हलकेच ओढून बघा. कलंडली तरी घेता येईल, पण मग घरी उरलेली एक फरशी किंवा ग्रॅनाइटचा तुकडा तिची बैठक म्हणून ठेवा आणि ती कायम त्यावरच जाईल असं बघा.

हात लावून घ्यायची असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकची दुकानं आहेत आणि टेलरिंगचं सामान जवळच रविवार पेठेत, बोहरी आळीत. मुंबईत इलेक्ट्रिकसाठी लोहार चाळ, आणि कापडाला मंगलदास मार्केट तिथून चालत जाण्यासारखं. दुकानदाराला प्लग लावून दाखवायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

पायरी ६: घरी आणल्यावर टेस्ट

नवीन इस्त्री पहिल्यांदा तापवताना थोडा वास, धूर येतो, ते कारखान्यातलं तेल-कोटिंग असतं, खिडकी उघडी ठेवून पाच-दहा मिनिटं तशीच तापू द्या आणि जुन्या पांढऱ्या सुती फडक्यावर फिरवून घ्या.

मग एक गंमत करा. दुकानाचं ते गुळगुळीत थर्मल बिल असतं ना, जे तापलं की काळं पडतं, त्याचा तुकडा उलटसुलट करून नखाने घासून बघा, काळी रेघ उठते ती छापायची बाजू. ती बाजू वर ठेवून कागद पाटावर पसरा, इस्त्री सगळ्यात कमी सेटिंगवर नुकती गरम होत असतानाच क्षणभर टेकवा आणि उचला. जिथे उष्णता पोचली तिथे कागद काळा, जिथे नाही तिथे पांढरा. टोक पांढरंच राहिलं आणि मध्ये काळं झालं तर ती इस्त्री शिवणकामाला कुचकामी, परत करा, रिटर्नची मुदत असतानाच हे करायचं म्हणजे वाद नाही. एका कागदावर थोड्या थोड्या वेळाने तीन-चार ठसे घेतले तर कुठला भाग आधी तापतो तेही कळतं. इस्त्री पूर्ण तापलेली असताना केलं तर सगळंच काळं होईल आणि काही समजणार नाही. ज्या बिलावर टेस्ट करताय ते इस्त्रीचंच नाही ना तेवढं बघा, वॉरंटीला लागेल!

पायरी ७: खाली काय घालायचं

अर्धं काम इस्त्री करते, अर्धं खालची बैठक. क्विल्टिंगवाल्यांत लोकरीच्या मॅटची फॅशन आली आहे, लोकर उष्णता धरून ठेवते आणि खालूनही कापडाला शेक मिळतो, त्यामुळे कमी वॅटच्या इस्त्रीचंही काम बरं होतं. विकत घ्यायची गरज नाही, घरात जुनी घोंगडी असेल तर तीच, चार घड्या करून पाटावर टाका, वरून धुवून कांजी गेलेली सुती चादर ताणून खालच्या बाजूला टाचून घ्या, मशीनशेजारी मावेल असं मस्त प्रेसिंग बोर्ड तयार. फक्त घोंगडी खऱ्या लोकरीची हवी. एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर, कडक गोळी झाली म्हणजे सिंथेटिक, ती खाली घालायची नाही, वितळून चादरीला चिकटेल.

पायरी ८: दाबायचं, फिरवायचं नाही

कपड्यांना इस्त्री करताना आपण सरसर फिरवतो, शिवणकामात तसं केलं तर उरेब कापड ताणलं जातं आणि चौकोनाचा पतंग होतो. इस्त्री उचला, ठेवा, दाबा, उचला.

खणाची कुंची घ्या उदाहरणाला. मागच्या बाजूची टीप मारून झाली की आधी ती उघडायची नाही, जशी आहे तशी दोन्ही पदर एकत्र ठेवून टिपेवरच इस्त्री दाबायची, म्हणजे दोरा कापडात बसतो आणि टिपेजवळच्या बारीक सुरकुत्या जातात. मग उलट बाजूने माया बोटाने फाकवायची आणि फक्त टोकाने, मधल्या रेघेवरून, थोडं थोडं उचलत दाबायची. त्यानंतर लगेच वर लाकडाचा सपाट गुळगुळीत ठोकळा दहा-बारा सेकंद दाबून धरा, लाकूड उष्णता आणि ओल ओढून घेतं आणि कडा अशी धारदार बसते की छोट्या इस्त्रीने केलंय असं वाटत नाही. हल्ली खणात पॉलिस्टर भरपूर असतं, त्यामुळे कातरलेल्या तुकड्यावर आधी करून बघा आणि सुलट बाजूने दाबायचं असेल तर मध्ये पातळ मलमलचा तुकडा ठेवा. जरीच्या काठालाही तेच, उलट बाजू, मध्यम गरम, पाणी मारायचं नाही.

टोपीच्या कळ्या जिथे वर एकत्र येतात तिथे सात-आठ पदर जमतात, त्या गाठीवर नुसती इस्त्री दाबून काही होत नाही, आधी आतली माया पायरी पायरीने कमी-जास्त कातरा, मग दाबा.

चिकट बकरम लावताना एका जागी दहा ते पंधरा सेकंद, पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते, आणि पुढची जागा आधीच्या जागेवर थोडी चढवत. छोटा तळ असल्याने कॉलरलासुद्धा पाच-सहा वेळा उचल-ठेव करावी लागते, कंटाळा येतो, पण मधली जागा सुटली तर पहिल्या धुण्यातच कळतं. संपलं की पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका, गोंद गार होतानाच धरतो. विनाइल आणि फ्यूज बीड्सवर बेकिंगचा पेपर ठेवा, मेणकागद नाही, त्याचं मेण कापडात उतरतं.

तळाला गोंद लागला तर इस्त्री थोडी कोमट असतानाच ओलसर जाड सुती फडक्याने पुसा, प्लग काढून अर्थातच. स्टीलच्या तळाला कागदावर बारीक मीठ पसरून वरून फिरवलं की राहिलेला गोंद निघतो, नॉनस्टिकला मीठ लावू नका, ब्लेड-स्क्रबर तर नाहीच. वायर गरम इस्त्रीला गुंडाळायची नाही, गार झाल्यावर सैल गुंडाळा.

आणि घेतानाच एक गोष्ट विचारून ठेवा, दुरुस्ती होते का. साध्या ड्राय इस्त्रीची कॉइल, थर्मोस्टॅट, वायर कुठलाही रिपेअरवाला बदलून देतो, बऱ्याच मिनी इस्त्र्या मात्र सीलबंद असतात, उघडल्या की प्लॅस्टिकच तुटतं. त्यामुळे वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच मारून घ्या आणि थर्मल बिलाची झेरॉक्स काढून ठेवा, ते काही महिन्यांत कोरं होतं.